मंगळयात्रेची पूर्वतयारी



ता. ५ नोव्हेंबर २०१३, मंगळवार. त्या दिवशीं भाऊबीज होती. दुपारीं २ वाजून ३८ मिनिटांनीं आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर श्रीहरिकोटा येथून एक अग्निबाण सुटला, आणि त्याच्या शिरोभागीं मंगळ ग्रहाकडे निघालेलें भारताचें पहिलें यान होतें. सुटण्यापूर्वींची उलट मोजणी साडेछप्पन तासांची होती. ती सुरू झाली रविवारीं सकाळीं ६ वाजून ८ मिनिटांनीं, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं.

आमच्या शिरूर-दौंडकडे ह्या मुहूर्ताची बरीच चर्चा झाली. मंगळाकडे मंगळवारींच निघालें, हें कांहींना शुभ वाटलें, तर कांहींना नसतें धाडस. पुढें यान मंगळापाशीं पोंचलें ती २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ पितृपक्षांतील अमावास्येची होती, हें तर आमच्या ओळखीच्या एका पंचांगप्रेमी गृहस्थांना मुळींच रुचलें नाहीं. ज्या ग्रहाच्या भयानें पत्रिका परत पाठविल्या जातात, आणि चांगल्या शिकलेल्या मुलींचीं लग्नें वर्षानुवर्षें अडून राहतात, त्याच्या दारीं अमावास्येस जाऊन उभें राहावें आणि कार्य सिद्धीस जावें! ह्या विषयावर ते गृहस्थ माझ्याशीं अद्याप एक शब्द बोललेले नाहींत.

तथापि मुहूर्त तेथेंहि होता, आणि तो आपल्या मुहूर्ताहून फार कडक होता. पृथ्वीस सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास ३६५ दिवस लागतात, मंगळास ६८७. दोघेहि चालते, तेव्हां मंगळ आज जेथें दिसतो तेथें यान पाठवून उपयोग नाहीं. तुकोबांची पालखी आषाढी वारीच्या वाटेवर आमच्या दौंड तालुक्यांतून जाते. शिरूरच्या वारकऱ्यास ती वाटेंत गांठावयाची असेल, आणि पालखी आज यवतला आहे असें त्यास कळलें, तर तो यवतची वाट धरीत नाहीं. पुढल्या वरवंडच्या मुक्कामाचा हिशेब करून घरून निघतो. यानाचें असेंच आहे. सुमारें ३०० दिवसांनीं मंगळ जेथें असेल त्या जागेचा नेम धरून निघावयाचें. आणि अशा निघण्यास सोयीची ग्रहस्थिति सुमारें ७८० दिवसांनीं, म्हणजे २६ महिन्यांनीं, एकदां येते. त्या खेपेस ती २८ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर २०१३ एवढीच होती. केंद्रीय मंत्रिमंडळाची संमति मिळाली ऑगस्ट २०१२ मध्यें. हातीं उरले पंधरा महिने. ही संधि हुकती तर २०१६ पर्यंत स्वस्थ बसणें प्राप्त होतें. परीक्षेची तारीख मुलांच्या तयारीकडे पाहून ठरत नसते, हें आम्हां शिक्षकांस निराळें सांगावयास नको.

ही सारी तयारी बंगळूर आणि श्रीहरिकोटा येथेंच झाली, असा आपला समज असतो. यान बंगळूरास बांधलें गेलें हें खरें; पण अग्निबाणाचे भाग देशभरच्या कारखान्यांतून येतात. दौंडहून निघून बारामती ओलांडली कीं इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर लागतें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं माळरानावर वसविलेलें हें साखरेचें गांव. साखर-कारखान्यांचीं यंत्रें बनवितां बनवितां ह्या गांवानें अग्निबाणाचीं पोलादी कवचें घडविण्यापर्यंत मजल मारली. ज्या जातीच्या अग्निबाणानें मंगळयान नेलें, त्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा असून त्यांत सुमारें १३८ टन घन इंधन असतें, आणि तें सगळें दोन मिनिटांच्या आंत जळून जातें. एवढी आग पोटांत घेऊन न फाटणारें कवच घडविणें हें साधें लोहारकाम नव्हे. तें विशेष जातीच्या पोलादाचें, पांच खंडांत जोडलेलें असतें. प्रत्येक सांधा क्ष-किरणांनीं तपासावा लागतो, आणि दाब देऊन पारखावा लागतो. अशीं कवचें करणाऱ्या देशांतील मोजक्या कारखान्यांत वालचंदनगरची गणना आहे. दुसऱ्या टप्प्याचें ‘विकास’ इंजिन मुंबईस विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यांत तयार होतें.

येथें थोडें विषयांतर करतों. आपल्या सुशिक्षित घरांतून आकडेमोड करणाऱ्यास विद्वान् म्हणतात, आणि पोलादाचा सांधा निर्दोष जोडणाऱ्यास कारागीर म्हणून बाजूस बसवितात. मला हें नेहमीं खटकत आलें आहे. आमच्या शिरूर तालुक्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातानें काम करतां करतां विद्या यावी ह्याच हेतूनें. पुण्यामुंबईच्या पालकांनीं एकदां तेथें मुलांस घेऊन जावें.

आतां यानाकडे वळूं. मोटार रस्त्यांत बंद पडली तर खालीं उतरून झांकण उघडतां येतें. यानास एकदां निरोप दिला कीं त्यास मनुष्याचा हात पुन्हां लागावयाचा नाहीं. जें सांगावयाचें तें रेडिओच्या लहरींनीं. आणि यान मंगळापाशीं पोंचलें त्या दिवशीं ह्या लहरींस नुसतें एका बाजूनें जाण्यास सुमारें साडेबारा मिनिटें लागत होतीं. काय झालें तें आपणांस कळून, त्यावर आपण सांगितलेलें यानास ऐकूं जाईपर्यंत पंचवीस मिनिटें गेलेलीं! म्हणून जी जी अडचण संभवते ती आधीं कल्पून, तिचें उत्तर यानाच्या स्मरणांत अगोदरच घालून ठेवावें लागतें. पूर्वतयारी ती हीच.

यानाचें निघतांनाचें वजन १,३३७ किलो होतें. त्यांपैकीं सुमारें ८५२ किलो केवळ इंधन. आणि ज्या शोधासाठीं एवढा खटाटोप, तीं पांच उपकरणें मिळून १५ किलोंचीं. सर्वांत मोठी काळजी होती ती यानाच्या मुख्य इंजिनाची. तें तसें लहानसें. सुमारें ४५ किलोंचें ओझें पेलण्याइतकाच त्याचा जोर. पृथ्वीची कक्षा सोडतांना तें चालवावयाचें, मग सुमारें ३०० दिवस बंद ठेवावयाचें, आणि मंगळापाशीं नेमक्या क्षणीं पुन्हां पेटवावयाचें. तें न पेटतें तर यान मंगळाजवळून तसेंच पुढें निघून जातें. इतके दिवस बंद राहिलेल्या झडपा आणि नळ्या ऐन वेळीं दगा देतील, अशी शंका अभियंत्यांनीं बंगळुरास बसूनच घेतली, आणि इंधनासाठीं नळ्या-झडपांचा दुसरा, कोरा मार्ग यानांत ठेवून दिला. मंगळाच्या दारीं उपयोगीं पडला तो हा दुसरा मार्ग. २२ सप्टेंबर २०१४ रोजीं तें इंजिन सुमारें चार सेकंद चालवून पाहिलें. २४ तारखेस तें सुमारें २३ मिनिटें चाललें. त्यांतील कांहीं वेळ मंगळच मध्यें आल्यामुळें यानाचा शब्द ऐकूं येत नव्हता. त्या सकाळच्या साऱ्या आज्ञा कांहीं दिवस अगोदरच यानास पाठविलेल्या होत्या. नियंत्रणकक्षांत बसलेल्या मंडळींस वाट पाहण्यापलीकडे फारसें कांहीं करतां येण्यासारखें नव्हतें.

तत्पूर्वीं, पृथ्वीजवळच, एक विघ्न येऊन गेलें होतें. पीएसएलव्ही हा कांहीं फार बलवान् अग्निबाण नव्हे. यानास थेट मंगळाच्या वाटेस लावण्याचें बळ त्यांत नाहीं. म्हणून यान प्रथम पृथ्वीभोंवतींच लांबट कक्षेंत ठेवून, शेतकरी गोफण फिरवितो तसें, प्रत्येक खेपेस थोडा वेग वाढवून कक्षा मोठी मोठी करीत नेली. ११ नोव्हेंबर रोजीं कक्षेचें दूरचें टोंक एक लक्ष किलोमीटरांवर न्यावयाचें होतें; इंधनाचा प्रवाह मध्येंच थांबला आणि तें सुमारें ७८ हजारांवरच राहिलें. दुसऱ्याच दिवशीं इंजिन पुन्हां चालवून ती तूट भरून काढली. शिल्लक ठेवून खर्च करणारा गृहस्थ असा प्रसंग निभावून नेतो. १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर यानानें पृथ्वीचा निरोप घेतला.

मला स्वतःला ह्या तयारींतील सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. उड्डाण प्रथम २८ ऑक्टोबरला व्हावयाचें होतें. अग्निबाणाच्या तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांच्या मध्यें सुमारें पंचवीस मिनिटें तो प्रशांत महासागरावरून नुसता वाहत जाणार होता, आणि तेथें त्याचें बोलणें ऐकण्यास जमिनीवर आपलें ठाणें नव्हतें. म्हणून ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ हीं दोन जहाजें ॲन्टेना बसवून त्या समुद्रांत पाठविलीं. वादळी हवेमुळें नालंदेस फिजीकडे पोंचण्यास उशीर झाला. तेव्हां तेवीस दिवसांच्या त्या संधींतील आठ दिवस खर्चीं घालून उड्डाण पुढें ढकललें. जहाजाच्या हातीं अग्निबाणाचें कांहींच नव्हतें. त्यानें केवळ पाहावयाचें होतें. पण कार्य बिघडलें तर तें कोठें आणि कसें बिघडलें हें कळलें पाहिजे, एवढ्यासाठीं हे आठ दिवस दिले.

हें किती आवश्यक असतें त्याचा दाखला आमच्याच जिल्ह्यांत आहे. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे, कै. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें ‘शियापारेली’ नांवाचें यान मंगळावर उतरत असतां त्याची क्षीण हांक खोडदला ऐकली जात होती. जमिनीस टेंकण्याच्या थोडें आधींच ती हांक थांबली. हवाई छत्रीच्या हेलकाव्यानें एक मापकयंत्र सुमारें सेकंदभर भांबावलें, त्यावरून गणकानें आपण जमिनीच्याहि खालीं आहों असा निष्कर्ष काढला, छत्री सोडून दिली, आणि यान साडेतीन किलोमीटरांहून अधिक उंचीवरून आदळलें. छत्रीच्या हेलकाव्यांचें गणित पूर्वीं पुरतें झालेलें नव्हतें, असें चौकशींत आढळलें. अमेरिकेचें एक यान १९९९ सालीं ह्याहून साध्या कारणानें गेलें: एका गटानें जोर पौंडांच्या मापांत कळविला, दुसऱ्यानें तो न्यूटनच्या मापांत धरला. गणिताच्या उत्तरापुढें एकक न लिहिणाऱ्या मुलाचा मी अर्धा गुण कापीत असें. पालक रागावत.

आतां खर्चाची गोष्ट. मंगळयानास सुमारें ४५० कोटि रुपये लागले. त्याच २०१३ सालच्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ होता. जनावरें छावण्यांत होतीं, आणि कालव्याचें पाणी न पोंचणाऱ्या आमच्याकडील गांवांतून माणसें टँकरची वाट पाहत होतीं. एक शेतकरी मला म्हणाले, “गुरुजी, मंगळावर पाणी हुडकायला निघालेत म्हणं. जातां जातां आमच्या विहिरींत बी डोकवायला सांगा.” हें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. मीं त्यांना हिशेब सांगितला: १२१ कोटि लोकांवर वांटला तर हा खर्च माणशीं पावणेचार रुपयेहि होत नाहीं. त्यांनीं तो ऐकून घेतला. पण ज्यानें बैलजोडी विकली त्यास सरासरी सांगून समाधान होत नाहीं, आणि होऊंहि नये.

पुढें मी ह्यावर पुष्कळ विचार केला, आणि माझें मत असें झालें कीं त्या पैशांनीं आमच्या विहिरींचें पाणी नेलें नाहीं. त्यांचा दोष अन्यत्र आहे. मंगळ सव्वीस महिन्यांनीं सोयीच्या जागीं येतो, हें जाणण्यास केपलरचें गणित लागतें. वैशाखांत आमच्या विहिरी आटतात, हें जाणण्यास कोणतेंहि गणित लागत नाहीं. ती तारीख प्रत्येक बाईस ठाऊक असते. तरी बंधारा साफ करण्याचा विचार सुचतो तो विहीर आटल्यावर, आणि टँकरचा अर्ज लिहिला जातो तो हंडे रांगेस लागल्यावर. नळीस दुसरी नळी ठेवणारीं माणसें ह्याच देशांतलीं. ऐकणारें जहाज पोंचेपर्यंत थांबणारीं माणसें ह्याच देशांतलीं. तीं मंगळाकडे लक्ष देतात म्हणून मला राग येत नाहीं. तशीं थोडीं माणसें जिल्ह्याच्या पाण्याकडे कां लाभत नाहींत, ह्याचा येतो.

मंगळयान सहा महिन्यांसाठीं केलें होतें. तें सुमारें साडेसात वर्षें मंगळाभोंवतीं फिरलें. एप्रिल २०२२ मध्यें दीर्घ ग्रहणाच्या छायेंत सांपडून त्याचा शब्द बंद झाला.

पुढील तयारी शुक्राची आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजीं मंत्रिमंडळानें १,२३६ कोटि रुपये मंजूर केले, आणि मार्च २०२८ मध्यें यान सोडण्याचें योजिलें. शुक्राची संधि सुमारें १९ महिन्यांनीं येते. ह्या वेळचा वाहक एलव्हीएम-३ असावयाचा आहे. त्याच्या दोन बाजूंस ३.२ मीटर व्यासाचे घन इंधनाचे दोन मोठे नळ असतात. त्या मार्च महिन्यांत शुक्र सूर्यास्तानंतर पश्चिमेस चांगला उंच आणि ठळक दिसेल. तो पाहावयास दुर्बीण नको. दौंड स्टेशनाच्या दिव्यांतूनहि तो ओळखूं येतो.