रात्रभराचे नाटक आणि तासाभराचे नाटक

शिकायला म्हणून परगावी गेलेला मुलगा नाटके बघतो, सिनेमाला जातो, असे कानावर आले की घरची माणसे काळजीत पडतात. पैसा खर्च होतो तो आपल्या घामाचा, तेव्हा काळजी वाटणे साहजिकच आहे. मी स्वतः असा परगावी गेलेला मुलगा. तेव्हा या नाटकसिनेमांनी मला काय शिकवले, आणि त्यापायी माझ्या हातून कोणती चूक झाली, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

माझे गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडशाजवळ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या आमच्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान कापून झाले, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलेच. वडशाला नाटक मंडळींची कार्यालये आहेत. गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात. रात्री नऊदहाला पडदा उघडतो आणि नाटक संपते तेव्हा पूर्व उजळलेली असते. पाव्हणेरावळे येतात, लेकीबाळी माहेरी येतात, आया कडेवरच्या पोरांना शाली गुंडाळून बसतात. सोयरिकीची बोलणीसुद्धा याच दिवसांत होतात.

माझे वडील आठ महिने दोन एकर धानशेती करायचे आणि चार महिने एका मंडळीत पेटी वाजवायचे. माझी दहावीबारावीची फी, वह्यापुस्तके, एवढेच काय पण पुण्याचे पहिले भाडेदेखील त्या पेटीच्या बिदागीतून निघाले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिच्याशी गाठ आहे.

जून २०१८ मध्ये मी पुण्याला निघालो. वडशाहून नागभीडपर्यंत मोठी गाडी आणि नागभीडपासून नागपूरच्या इतवारी स्टेशनापर्यंत छोट्या रुळांची गाडी. ही छोटी गाडी रूळ रुंद करण्याच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, पण मला तिच्यातून जायला मिळाले. तिचा वेग इतका बेताचा, की मागे पडणारे प्रत्येक झाड नीट बघून घ्यावे. नागपूरहून पुढे वर्धा, भुसावळ, मनमाड, दौंड. वर्ध्याकडे कपाशीची रिकामी काळी रानं, भुसावळकडे केळीच्या बागा, दौंडकडे ऊस. धानाची बांधी मात्र कुठे दिसेना. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चहावाल्यांची मराठी दर दोनचार तासांनी बदलत होती. पाठ्यपुस्तकात मराठी एक असते, रुळावर ती दहा तऱ्हेची असते. हा धडा मला गाडीने फुकट दिला होता, पण तो मी शिकलो नाही.

पुण्यात कॉलेजांच्या एकांकिकांचे मोठे वेड. १९६३ साली सुरू झालेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा जवळ आली, की मुले जेवणखाण विसरतात. मीही आमच्या कॉलेजच्या निवडीला गेलो. चार ओळी वाचायला दिल्या. त्यांत ‘पाणी’ हा शब्द होता. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही. मी ‘पानी’ म्हणालो. पाचसहा जण हसले. मी पुन्हा वाचले, पुन्हा ‘पानी’च आले. मग एका मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्याने विचारले, “याआधी नाटकाशी काही संबंध?”

श्रोते हो, ज्याने आईच्या मांडीवर झोपून शंभर रात्री नाटके ऐकली, ज्याचा बाप त्या रंगमंचापुढे बसून पेटी वाजवतो, तो मुलगा म्हणाला, “नाही.”

मला पडद्यामागे काम मिळाले. दिवे सांभाळायचे, सामान मांडायचे. ते काम मी मनापासून केले आणि त्याने मला पुष्कळ दिले, हेही सांगितले पाहिजे. तासाभरात सारे नाटक संपवायचे, म्हणजे एकेक वाक्य तोलून घ्यावे लागते. जे वाक्य नाटक पुढे नेत नाही ते कितीही आवडते असले तरी काढावे लागते. महिनाभर रोज तालीम होते, आणि नट कितीही चांगला असला तरी उशिरा आला की बोलणी खातो. ही शिस्त मला वर्गात मिळाली नव्हती. पण त्या दिवसापासून मी बोलण्यापूर्वी प्रत्येक शब्द चाचपून बघू लागलो. ‘ण’ येईल असे वाटले की वाक्यच बदलायचे. वर्गात उत्तर येत असूनही गप्प बसायचे. वडिलांचा फोन आला की खोलीबाहेर जाऊन बोलायचे.

यातून मी बाहेर पडलो तो एका जुन्या चित्रपटामुळे. पुण्यात जिथे प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता तिथे १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे, आणि जुने चित्रपट जतन करणारे राष्ट्रीय संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यातच स्थापन झाले. एका मित्रासोबत मी ‘संत तुकाराम’ पाहिला. दामले आणि फत्तेलाल यांनी प्रभातसाठी केलेला हा चित्रपट १९३६ सालचा. पुढल्याच वर्षी इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आहेत, ते थोरच. पण मी बघत राहिलो त्यांच्या बायकोकडे, गौरीबाईंनी केलेल्या आवलीकडे. ती भांडते, करवादते, पोरांच्या भुकेसाठी देवावरही चिडते, आणि हे सारे आपल्या रोकठोक गावरान बोलीत. सभागृहात लोक हसले. पण ते तिच्या बोलीला हसले नाहीत, तिच्या बोलण्यातल्या मर्माला हसले. क्षणभराने तेच लोक गहिवरले. मला वाटले, हिने ‘शुद्ध’ बोलायचे ठरवले असते तर यातले काय उरले असते?

त्या हिवाळ्यात मी दोन मित्रांना घेऊन गावी गेलो. रात्रभर नाटक पाहिले. मित्रांपैकी एक पहाटे म्हणाला, “गाणी फार, विनोद मधेच कुठूनही येतो, कात्री लावायला हवी.” त्याचे खोटे नव्हते. दुसरा म्हणाला, “पण आमच्या नाटकाला इतकी माणसे सकाळपर्यंत थांबतील का?” त्याचेही खोटे नव्हते. पुढे २०२३ मध्ये आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या दोघांनी मला आवर्जून फोन केला.

सकाळी बांधावर बसून मी वडिलांना ते ‘नाही’ सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू नाही म्हटला तरी फी त पेटीनंच भरली ना.” एवढेच. रागावले असते तर बरे वाटले असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही कथा मी मुख्यतः तुमच्यासाठी सांगितली. प्रमाण भाषा मुलांना आलीच पाहिजे. परीक्षा, अर्ज, नोकरी, सारे तिच्यात चालते, आणि ती न शिकवणे हा मुलांवर अन्याय होईल. पण मूल ‘पानी’ म्हणाले की वर्गात हशा पिकू देऊ नका. त्या हशाने शब्द सुधारत नाही, मूल मुके होते. यंदाच्या स्नेहसंमेलनात एक करून बघा. मुलांना घरच्या बोलीत एक प्रवेश रचू द्या, करू द्या. मग तोच प्रवेश पुस्तकी मराठीत लिहायला सांगा. दोन्ही भाषा त्यांच्या हाती येतील आणि कोणतीच लपवावी लागणार नाही.

आणि आईबापांनो, मुलगा नाटक बघतो म्हणून लगेच रागावू नका. काय पाहिले ते त्याला विचारा. मुलगी असेल तर तिलाही विचारा आणि पाठवा. फक्त एवढे बघा, की घरी परतल्यावर ती तुमच्याशी तुमच्याच बोलीत बोलतात की नाही. बोलत असतील, तर शिक्षण योग्य वाटेने चालले आहे असे समजायला हरकत नाही.