दुर्गाबाईंच्या लोककथा आणि आपला सातपुडा



दुर्गा भागवत म्हटले की आपणांस १९७५ चे कऱ्हाडचे साहित्यसंमेलन व आणीबाणीतील त्यांचा तुरुंगवास आठवतो. ते योग्यच. परंतु याच बाईंनी बंगालपासून काश्मीरपर्यंतच्या लोककथा मराठी मुलांच्या हाती दिल्या. मध्य प्रांतातील आदिवासींत संशोधन करताना विषारी सुरण खाण्यात आला, त्या कित्येक वर्षे अंथरुणास खिळल्या. लोककथांचा ध्यास मात्र सुटला नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलली जाते. कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही, बोलणारेही थोडे. आपण तेथे पत्रके वाटून परततो. पुढील खेपेस एखाद्या म्हातारीपाशी बसावे, तिची गोष्ट तिच्याच शब्दांत उतरवून आणावी, एवढी माझी विनंती आहे.