अंग नवं, लेस जुनी



काल याच व्यासपीठावरून पाणीवाटपावर व्याख्यान झालं. आज मी न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत बाईच्या झग्यावर बोलणार आहे. विषय सांगितला तेव्हा संयोजकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही. पण त्यांनी नाही म्हटलं नाही, याबद्दल त्यांचे आभार.

सुरुवात पैठणीपासून करतो. जुन्या घरांतून पैठणीचं अंग विरलं की लुगडं टाकून देत नसत. पदर कापून ठेवायचा आणि पुढे दुसऱ्या अंगाला जोडायचा. माझ्या आजीच्या ट्रंकेत असा एक नुसताच पदर होता. त्याला शोभेल असं अंग काही तिला मिळालं नाही. म्हणून तो तसाच घडी घालून, वेखंडाच्या वासात पडून राहिला. लुगडं नेसायचं असतं आणि पदर ही इस्टेट असते, हा फरक आजीला कुणी शिकवला नव्हता.

युरोपात हे स्थान लेसचं होतं. झगा फाटे, फॅशन बदले, पण लेस उसवून काढली जाई आणि नव्या झग्यावर चढे. मृत्युपत्रांत दागिन्यांबरोबर लेसची नोंद असे. आज लेस म्हटलं की आपल्याला परकराच्या घेराला लावायची, मीटरवर मिळणारी झालर आठवते. ती यंत्राची. जॉन हीथकोटनं १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे नॉटिंगहॅमच्या गिरण्यांनी लेस घरोघरी पोचवली. मी बोलतोय ती त्याआधीची, हातची लेस.

ती कशी करतात ते जरा थांबून पाहू, कारण इथंच खरी मौज आहे. भरतकामाला खाली कापड लागतं. व्हेनिसच्या बायकांनी ते कापडच काढून टाकलं. चर्मपत्रावर नक्षी काढायची, ते दुहेरी कापडावर टाचायचं आणि नक्षीच्या रेषेवरून जाड धागा बसवायचा. मग आतली जागा आपल्या काजाच्या टाक्यानं भरायची. शर्टाच्या गुंडीचं काज करतात ना, तोच टाका, फक्त इतका बारीक की टाका दिसत नाही, पोत दिसतो. शेवटी कापडाच्या दोन थरांमधले धागे कापले की नक्षी मोकळी होऊन हातात येते. खाली काही नाही. इटलीत ह्या प्रकाराला ‘हवेतला टाका’ म्हणत. धागा कशाचा, तर जवसाच्या खोडाचा. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस, पण तिकडे त्याच्या खोडातून लिनन निघतं. लेसचा दुसरा प्रकार उशीवर टाचण्या रोवून, फिरक्यांना गुंडाळलेले धागे एकमेकांत पिळून करतात. त्यात आज शिरत नाही.

ह्या लेसपायी फ्रान्सचा इतका पैसा व्हेनिसला जाऊ लागला की चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर ह्यानं १६६५ मध्ये सरकारी आश्रयानं फ्रान्समध्येच लेसचे कारखाने उभारले. अलाँसाँ हे गाव त्यातूनच नावारूपाला आलं. म्हणजे स्वदेशीची चळवळ राजानं चालवली, आणि तीही गळपट्ट्यांसाठी.

आता पॅरिस. १८९५ साली चार बहिणींनी तिथं शिवणाचं दुकान काढलं, ‘कालो सर’, म्हणजे कालो भगिनी. आई लेस करणारी, आणि ह्यांचा स्वतःचा आधीचा व्यापार जुन्या लेसचा आणि रिबिनींचा. त्यामुळे कपडा बेतताना त्या लेसपासून सुरुवात करीत. जुना तुकडा समोर ठेवायचा आणि त्याला शोभेल असं अंग शिवायचं. थोरल्या मादाम जेर्बेर ह्यांच्या हाताखाली मादलेन व्हिओने ही पोशाखकार शिकली, आणि पुढे स्वतः मोठी झाल्यावरही आपलं श्रेय ती कालोंना देत राहिली. मार्सेल प्रूस्तनं आपल्या कादंबरीत चांगल्या शिवणघरांच्या यादीत कालोंना घेतलं आहे, पण लेस जरा जास्तच होते, अशी कुरकुरही एका पात्राच्या तोंडी घातली आहे. कुरकूर खरी असावी. पण एका गिऱ्हाइकाला ती जास्त वाटत नव्हती.

तिचं नाव रीटा दे आकोस्ता लिडिग. जन्म १८७५चा, न्यूयॉर्कचा. घराणं स्पॅनिश, बाप क्यूबातून आलेला. पहिला नवरा विल्यम स्टोक्स, न्यूयॉर्कचं प्रसिद्ध ‘अन्सोनिया’ हॉटेल बांधणारा. १९०० मध्ये घटस्फोट झाला. दुसरा नवरा फिलिप लिडिग, १९०२चा. तेही टिकलं नाही. बाईंचा पैसा लग्नातून आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण खर्चाची दृष्टी तिची स्वतःची होती. गॉथिक आणि रेनेसाँ काळातल्या वस्तूंचा तिचा संग्रह इतका जाणता होता की १९१३ मध्ये तो विकायला निघाला तेव्हा त्याची सूची कलेतिहासाच्या अभ्यासकांनी लिहिली. संग्रह गेला. अंगावरची लेस राहिली.

रीटा कालोंकडे जुनी लेस वापरून कपडे शिवून घेई. तिनं घातलेल्या जाकिटाचा बेत विसाव्या शतकाचा, आणि लेस त्याहून दोन-अडीचशे वर्षं वयानं मोठी. आपला आवडता बेत ती डझनांनी शिवून घेई, लेस तेवढी बदलायची, असं सेसिल बीटन ह्या छायाचित्रकारानं लिहून ठेवलंय. उधळपट्टी म्हणायची तर म्हणा. मला त्यात एक चिकाटी दिसते. रोज नवी फॅशन शोधणारी ही बाई नव्हे. बेत एकदा जमला की झालं, मग त्यावर कोणती लेस बोलते एवढाच प्रश्न.

बुटांचंही तसंच. पॅरिसमध्ये पिएत्रो यांतोर्नी नावाचा कारागीर होता. ‘जगातला सर्वांत महाग मोची’ अशी पाटी त्यानं स्वतःच लावली होती. एक जोड मिळायला गिऱ्हाइकाला वर्षं थांबावं लागे. त्यानं रीटासाठी मखमल आणि जुन्या लेसचे बूट केले. ते रशियन चामड्याच्या ट्रंकेत ठेवलेले असत, आणि आत घालायचे साचे व्हायोलिनला वापरतात त्या लाकडाचे, म्हणजे वजन नको. ती ट्रंक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.

चित्रकार बोल्दिनीनं रीटाचं चित्र काढलं. ती स्वतः काही कलाकृती का करीत नाही असं कुणी विचारल्यावर, ती स्वतःच कलाकृती आहे, असं उत्तर सार्जंट ह्या चित्रकारानं दिल्याचं सांगतात. स्तुती मोठी आहे, पण मला मुळीच पटत नाही. कलाकृती चौथऱ्यावर उभी असते. ती बाजारात जाऊन सतराव्या शतकाचा तुकडा हातात घेऊन, हा ठेवा, तो नको, असं म्हणत नाही. रीटानं केलं ते संपादकाचं काम. आणि संपादकाला कधी कुणी कलाकृती म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

१९२७ मध्ये तिनं श्रीमंतांच्या फसलेल्या संसारांवर एक पुस्तक लिहिलं. तोवर कर्ज गळ्याशी आलं होतं. ऑक्टोबर १९२९ मध्ये ती गेली. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला तो हाच महिना.

कपडे राहिले ते धाकट्या बहिणीमुळे. मर्सिडीस दे आकोस्ता, कवयित्री, नाटककार, नटी ग्रेटा गार्बोची मैत्रीण. आपल्याला हे नाव वेगळ्याच वाटेनं ठाऊक असायला हवं, कारण ती आपल्या अहमदनगरच्या मेहेरबाबांच्या नादी लागली होती. १९३८ मध्ये ती भारतात आली आणि तिरुवण्णामलैला रमण महर्षींना भेटली. पुढे आत्मचरित्र तिनं त्यांनाच अर्पण केलं. देहाचा मोह सोडायला सांगणाऱ्यांच्या पायाशी बसलेल्या ह्या बाईनं बहिणीची वस्त्रं मात्र सोडली नाहीत. १९३७ मध्ये न्यूयॉर्कला पोशाखांचं एक स्वतंत्र संग्रहालय निघालं. काढणारी मंडळी नाटकातली होती, त्यांना अभ्यासाला खरे कपडे हवे होते. १९४६ मध्ये ते मेट्रोपोलिटनमध्ये विलीन झालं. तिथल्या त्या जगप्रसिद्ध पोशाख-विभागाच्या मुळाशी मर्सिडीसनं दिलेलं रीटाचं कपाट आहे.

वेळ होत आलेली दिसते. एक चिठ्ठी आली आहे: ‘अशा लेसची आज किंमत किती?’

रुपयांत मी सांगू शकणार नाही. तासांत सांगतो. अलाँसाँची लेस आजही हातानं होते. २०१० मध्ये युनेस्कोनं तिला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाचा हिशेब असा की एका चौरस सेंटिमीटरला सात तास. वीण बदलली की तास थोडे बदलतील, पण अंदाज येतो. तळहाताएवढा तुकडा घ्या, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. ७०० तास झाले. लेस करणारी बाई रोज आठ तास बसली तरी तिचे तीन महिने गेले. रीटाच्या बुटावर एवढी लेस सहज बसते.

आणि हा एका बुटाचा हिशेब झाला.