तुंबडी : घरांतील आणि वैद्याकडची

पाठींत उसण भरली अथवा मान आंखडली, कीं गरम पाण्याची पिशवी, निरगुडीच्या पाल्याचा शेक, सुंठेचा लेप असे उपाय पुण्यांतील घरोघरीं होत आले आहेत. त्यांच्याच पंक्तीस आतां एक जुना उपाय नव्या वेषांत येऊन बसला आहे. तो म्हणजे तुंबडी. २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत अमेरिकन जलतरणपटु मायकेल फेल्प्स याच्या खांद्यांवरील वाटोळे जांभळे डाग साऱ्या जगानें पाहिले, आणि सुशिक्षित तरुणांनाहि या उपचाराचें कुतूहल वाटूं लागलें. हातपंपाचे प्लॅस्टिकचे पेले आज सहज विकत मिळतात. तेव्हां या उपचारांतील ग्राह्य कोणतें व त्याज्य कोणतें, याचा विचार प्रत्येक घरानें करणें अगत्याचें झालें आहे.

कडू भोपळा वाळवून आंतून पोखरला म्हणजे तुंबडी तयार होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत रक्त काढण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत: वातासाठीं गाईचें शिंग, पित्तासाठीं जळू आणि कफासाठीं अलाबु. अलाबु म्हणजेच आपला भोपळा. शिंगांतील हवा तोंडानें ओढून घ्यावयाची आणि अलाबूंत दिवा ठेवावयाचा, अशी त्यांची योजना आहे. युनानी वैद्यकांत याच प्रकारास हिजामा म्हणतात. युरोपांतहि हा उपचार फार काळ टिकून होता. १९२९ सालीं पॅरिसच्या एका रुग्णालयांत तो चालू असलेला इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यानें पाहिला व पुढें १९४६ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें.

आपल्याकडील घरगुती रीत याहून सौम्य होती; तींत रक्त काढीत नसत. पोट दुखूं लागून बेंबी सरकल्याचा संशय आला, म्हणजे रोग्यास उताणें निजवून बेंबीवर कणकेचा लहानसा दिवा ठेवीत व त्यावर तांब्या पालथा घालीत. थोड्याच वेळांत दिवा विझे, तांब्या पोटास घट्ट धरी, आणि आंतला वात ओढला गेला असें सर्वांस वाटे.

वस्तुतः तेथें काम होतें तें हवेच्या दाबाचें. ज्योतीनें तांब्यांतील हवा तापते, प्रसरण पावते आणि तिचा कांहीं भाग बाहेर निघून जातो. ज्योत विझतांच उरलेली हवा निवते व आंतील दाब उतरतो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. तेथेंहि बाहेरील हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ १ किलोग्रॅम वजनाइतका असतो. ज्याच्या तोंडाचा व्यास ५ सेंटीमीटर आहे अशा पेल्याखालीं सुमारें २० चौरस सेंटीमीटर कातडी येते. आंतील दाब एक चतुर्थांशानें जरी कमी झाला, तरी त्या कातडीवर सुमारें ५ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ बसते. त्या ओढीनें बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त कातडीखालीं पसरतें. जो जांभळा डाग उमटतो तो हाच. दोष बाहेर आल्याची ती खूण नव्हे. फांसण्या टाकून काढलेलें रक्त काळसर दिसतें, त्यावरूनहि तें नासकें होतें असें ठरत नाहीं. शिरांतील रक्त मुळांतच गडद असतें व हवेंत तें गोठतें.

मग या उपचाराचा कांहींच उपयोग नाहीं काय? मान, पाठ व कंबर यांच्या दुखण्यांत कांहीं काळ आराम पडतो, असें अनेक लहान प्रयोगांत दिसून आलें आहे. मात्र पेला लागला आहे हें रोग्यास कळतच असल्यामुळें खरा गुण किती व विश्वासाचा किती, हें निवडणें कठीण जातें. मधुमेह, रक्तदाब किंवा पक्षाघात यांवर तुंबडीनें उतार पडतो, यास भरंवशाचा आधार नाहीं.

आतां धोक्याचा विचार. बेंबीभोंवतीं सुरू झालेली कळ कांहीं तासांत उजव्या बाजूस खालीं सरकली, सोबत ओकारी व ताप आला, तर तें आंत्रपुच्छाच्या दाहाचें लक्षण असूं शकतें. अशा वेळीं पोटावर तांब्या बसवून वाट पाहत राहिल्यास आंत्रपुच्छ फुटण्याचें भय असतें. छातींत किंवा दोन्ही खांद्यांमध्यें दुखून घाम सुटला, तर त्यास उसण समजून पेला लावीत बसूं नये. तें हृदयविकाराचें दुखणें असूं शकतें. तेथें १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावणें हाच उपाय. घरगुती उपचारानें बहुधा जीव जात नाहीं. जातो तो त्यापायीं दवडलेल्या वेळानें.

दुसरा धोका पात्याचा. कावीळ ब या रोगाचे विषाणु वाळलेल्या रक्तांतहि निदान ७ दिवस टिकतात. म्हणून घरीं फांसण्या टाकणें सर्वथा वर्ज्य समजावें. ज्यांस तो उपचार घ्यावयाचाच असेल त्यांनीं नोंदणीकृत वैद्य वा हकीम यांजकडे जावें व साधनें नवीं आहेत कीं नाहींत हें विचारून घ्यावें. पुण्यांत रास्ता पेठेंत १९३३ सालीं स्थापन झालेलें टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि लष्कर भागांत युनानी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या शास्त्रास महाविद्यालयांतील शिक्षण लागतें, तें चित्रफीत पाहून आत्मसात होत नाहीं.

कोरडी तुंबडी निरोगी प्रौढ माणसानें लावावयाची असल्यास ज्योतीऐवजीं हातपंपाचा पेला घ्यावा. भाजण्याचें भय राहत नाहीं. पेला पाठीच्या मांसल भागावर लावावा. कणा, गळा, जखम व फुगलेल्या शिरा टाळाव्या. पांच मिनिटें पुरे. दुखूं लागल्यास तत्काळ काढावा. गर्भवती, लहान मुलें, नाजूक कातडीचे वृद्ध, मधुमेही आणि रक्त पातळ होण्याचीं औषधें घेणारे यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून पेल्यास हात लावूं नये. आणि एवढें करूनहि दुखणें दोनचार दिवसांत हटलें नाहीं, तर पेला फडताळांत ठेवून दवाखान्याची वाट धरावी.