वार्धक्यांतील गाठ : आधीं निदान, मग शस्त्र

वार्धक्य आलें म्हणजे मनुष्य आपल्या शरीराच्या तक्रारींकडे काणाडोळा करूं लागतो. गुडघे दुखतात, झोंप उडते, दृष्टि मंदावते. ‘चालायचेंच’ असें म्हणून तो स्वस्थ बसतो. या समजुतीच्या आड एखादे वेळीं मोठा शत्रु दबा धरून बसलेला असतो. मांडीवर किंवा दंडावर एक गाठ दिसूं लागते. ती दुखत नाहीं, चालण्याफिरण्यास अडथळा करीत नाहीं, आणि म्हणूनच महिनेच्या महिने तिची कोणी विचारपूसही करीत नाहीं. अशा गाठींपैकीं फारच थोड्या ‘सार्कोमा’ नांवाच्या कर्करोगाच्या असतात. परंतु त्या थोड्या वेळींच ओळखण्यावर रोग्याचा पाय, आणि पुष्कळदां प्राणही, अवलंबून असतो.

तोंड, स्तन किंवा आंतडें यांचे नेहमींचे कर्करोग बहुधा त्या अवयवांच्या अस्तरांतून किंवा ग्रंथींतून उगवतात. सार्कोमाची कुळी निराळी. स्नायु, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंचीं वेष्टणें असे जे शरीरास आकार व आधार देणारे मऊ भाग, त्यांतून तो निर्माण होतो. प्रौढांच्या शंभर कर्करोगांत तो सुमारें एक असतो. आणि त्या एकाच्याही पन्नासाहून अधिक पोटजाती आहेत. तो हातापायांत, त्यांतही मांडींत विशेष आढळतो. पोटाच्या मागील पोकळींत वाढला तर कलिंगडाएवढा होईपर्यंतही पत्ता लागूं देत नाहीं.

मग प्रत्येक गाठीस भ्यावयाचें काय? मुळींच नाहीं. कातडीखालील बहुतेक गाठी चरबीच्या व निरुपद्रवी असतात. संशय घ्यावयाचा तो चार खुणांवरून : गाठ पांच सेंटिमीटरांहून, म्हणजे सुमारें दोन इंचांहून, मोठी आहे; ती एकसारखी वाढत आहे; ती खोल, स्नायूंत रुतलेली आहे; किंवा एकदां काढलेली गाठ त्याच जागीं पुन्हां आली आहे. यांपैकीं एक जरी खूण असली तरी तपासणी लांबवूं नये. गाठ दुखत नाहीं, हा निर्धास्त राहण्याचा पुरावा नव्हे.

वृद्धांच्या बाबतींत आणखी एक फसगत होते. पडल्याझडल्याचें निमित्त होतें, रक्त पातळ करणारें औषध चालू असतें, आणि आलेली सूज ही सांकळलेलें रक्त आहे असें सर्वांना वाटतें. सांकळलेलें रक्त कांहीं आठवड्यांत ओसरूं लागलें पाहिजे. तें न ओसरतां वाढूं लागलें तर तें केवळ रक्तच आहे कीं आणखी कांहीं, हें पाहणें अवश्य आहे. डोक्याच्या कातडीवर किंवा चेहऱ्यावर जांभळा डाग पडून तो पसरत जाणें, हीही रक्तवाहिन्यांच्या सार्कोमाची वृद्धांतील एक ओळख आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षें सुजलेल्या हातावर असाच रोग उद्भवतो, हें स्टुअर्ट व ट्रीव्ह्ज या दोन अमेरिकन डॉक्टरांनीं १९४८ सालीं सहा रोग्यांच्या आधारें दाखवून दिलें.

संशय आल्यावर क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सोनोग्राफी, मग एम्. आर्. आय्.; त्यानंतर जाड सुईनें गाठीचा तुकडा घेऊन त्याची सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षा; आणि रोग ठरल्यास छातीचा सी. टी. स्कॅन, कारण हा रोग पसरला तर बहुधा प्रथम फुप्फुसांत जातो. ‘सुई टोंचली कीं कर्करोग पसरतो’ या समजुतीनें कित्येक घरांत हा तुकडाच घेऊं देत नाहींत. पुढील शस्त्रक्रियेच्या छेदाच्या रेषेंतच सुई घातली म्हणजे तो धोका अत्यंत अल्प राहतो. खरा धोका उलट बाजूस आहे. साधी गाठ समजून ती घाईनें सोलून काढली, तर तिच्या वेष्टणाबाहेर गेलेले रोगाचे कण मागें राहतात आणि पुढील शस्त्रक्रिया अधिक मोठी करावी लागते. सुश्रुतानेंही अर्बुद निःशेष काढावें, उरलेला अंश अग्नीसारखा पुन्हां भडकतो, असा इशारा देऊन ठेवला आहे.

एके काळीं अशा रोगांत हातपाय तोडणें हाच राजमार्ग समजला जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत ४३ रोग्यांवर एक कसोटी घेण्यांत आली. सोळा जणांचा अवयव कापण्यांत आला. सत्तावीस जणांचा अवयव राखून गाठ काढली व किरणोपचार दिले. १९८२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अवयव राखलेल्यांपैकीं चौघांना त्याच जागीं रोग पुन्हां झाला, परंतु जगण्याच्या प्रमाणांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. तेव्हांपासून, शक्य तेथें पाय राखूनच रोग काढावा, असा प्रघात पडला. किरण शस्त्रक्रियेपूर्वीं द्यावे कीं नंतर, यासंबंधींचे कॅनडांतील निष्कर्ष २००२ सालीं निघाले : आधीं दिल्यास शंभरांत ३५ जणांची जखम चिघळली, नंतर दिल्यास १७ जणांची, मात्र नंतरच्या किरणांची मात्रा अधिक असल्यानें अवयवाचा ताठरपणा कायमचा राहण्याचा संभव वाढतो. ज्याची जखम आधींच सावकाश भरते, अशा मधुमेही वृद्धासाठीं हा हिशेब डॉक्टरांनीं विशेष बारकाईनें करावा लागतो.

‘आतां ऐंशी उलटली, कशाला छळ?’ असें घरचीं माणसें कळवळ्यानेंच म्हणतात. परंतु उपचार ठरवितांना जन्मपत्रिकेपेक्षां शरीराची ताकद पाहावयाची असते. मनुष्य आपल्या पायांनीं बाजारांत जातो काय, वजन घटलें आहे काय, स्मृति शाबूत आहे काय, किती औषधें चालू आहेत, घरीं कोण पाहणार, हे प्रश्न वयाच्या आंकड्याहून मोलाचे आहेत. डॉक्सोरुबिसिनसारखें औषध हृदयास अपाय करूं शकतें, म्हणून तें देण्यापूर्वीं हृदयाची तपासणी करतात. एखाद्या क्षीण रोग्यास केवळ किरण किंवा केवळ वेदनाशमन हेंच हितकर ठरतें. तेंही उपचारच होत. मात्र तो निर्णय तपासणीनंतरचा असावा, तपासणीऐवजीं नसावा.

हा रोग दुर्मिळ असल्यानें तो वारंवार पाहणाऱ्या मंडळींकडेच जावें. शल्यविशारद, किरणतज्ज्ञ, औषधतज्ज्ञ व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणारा विकृतितज्ज्ञ यांनीं एकत्र बसून विचार करावा, ही सोय मुंबईस परळ येथें १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत आहे. देशांतील कर्करोग रुग्णालयांचें २०१२ पासून जें राष्ट्रीय जाळें विणलें गेलें, त्यामुळें जवळपासचें केंद्र शोधणेंही सोपें झालें आहे.

शेवटीं, ज्याची गाठ त्यास विचारलें पाहिजे. पुष्कळ घरांत मुलें डॉक्टरांशीं दाराबाहेर कुजबुजतात आणि आंत वडील भिंतीकडे पाहत पडून असतात. ज्यांनीं जन्मभर घरचे निर्णय घेतले, त्यांना स्वतःच्या देहाविषयींचा निर्णय घेण्याइतकें बळ खासच असतें. कोणास आयुष्याचीं वर्षें हवीं असतात, कोणास आपल्या पायांनीं ओसरीपर्यंत जातां येणेंच पुरेसें वाटतें. तें त्यांच्या तोंडून ऐकल्यावांचून केलेली योजना अपुरीच होय. श्रोत्यांनीं आज घरीं आईवडिलांना एवढेंच विचारावें : ‘अंगावर कोठें गाठ लागते काय, आणि ती वाढते आहे काय?’