काळी बुरशी आणि डोळा



2021 च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली, तोच महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने कित्येकांची दृष्टी हिरावली. ‘काळी बुरशी’ हे नाव मात्र फसवे आहे. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि निर्जीव झालेला भाग काळा पडतो. तिचे बीजाणू ओल्या मातीत, कुजक्या पाल्यात, शेणखतात असतातच. विरार-अर्नाळ्याच्या बागायतीस ते नवे नव्हेत. निरोगी शरीर त्यांना दाद देत नाही. मधुमेह अनियंत्रित असला, त्यात स्टेरॉइडची मात्रा जास्त झाली, की नाकातून सायनस, तेथून डोळा व मेंदू असा मार्ग त्यांना मोकळा होतो.

आरंभीची लक्षणे अगदी क्षुल्लक भासतात. एका बाजूचे नाक चोंदते, गाल दुखतो, वरचा दात हलू लागतो. सर्दी समजून आठवडा जातो, आणि डोळा जातो तो याच आठवड्यात. पापणी सुजून एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्यावर अँफोटेरिसिन-बी व शस्त्रक्रिया करूनही पुष्कळदा जीव वाचविण्यासाठी डोळाच काढावा लागतो.

हा रोग एकापासून दुसऱ्यास होत नाही. रुग्णास दूर ठेवण्याचे कारण नाही. आजारातून उठलेल्या मधुमेहींची साखर पंचायत सदस्यांनी आरोग्य उपकेंद्रात तपासून घ्यावी. गाल दुखू लागल्यास विरारहून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची गाडी त्याच दिवशी धरावी.