घरच्या घरी सायकल दुरुस्ती: काय उघडायचं, काय नाही

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: सायकल घरी दुरुस्त करायची तर सुरुवात कुठून करायची? व्हिडिओ भरपूर आहेत, अवजारांचा डबाही ऑनलाइन मिळतो. पण कुठल्या कामाला हात लावायचा आणि कुठल्या नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज तेवढंच बोलू.

माझा दिवस कोड लिहिण्यात जातो. तिथला एक नियम सायकललाही चालतो. जो बदल परत पूर्ववत करता येतो, तो बिनधास्त करा. जो करता येत नाही, तिथे थांबा.

पंक्चर हे पहिल्या प्रकारातलं काम. चुकलं तर पॅच उपटून दुसरा लावायचा, बस. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ट्यूबला भोक सापडलं की लगेच पॅच लावू नका. ट्यूब टायरवर तशीच धरा, वॉल्व्हची जागा जुळवा आणि भोकासमोर टायरच्या आतून फडकं फिरवा. बाभळीचा काटा तिथेच बसलेला असतो. तो राहिला तर नवा पॅच लावूनही संध्याकाळी चाक परत बसणार. आणि शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती म्हणून खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली आहे. किती हवा हवी ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. दुसरं म्हणजे, पॉलिश पेपरने घासून सोल्युशन लावलं की थांबा. ओलं असताना पॅच धरत नाही. बोटाला नुसतं चिकट लागलं पाहिजे.

आता चेन. इथे घरची पट्टी पुरते. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नवीन चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिन येते. ती साधारण दीड मिलिमीटर पुढे सरकली असेल तर चेन बदलायची वेळ आली. तीन मिलिमीटर सरकली असेल, तर मागची दातेरी चाकंही झिजलेली असण्याची दाट शक्यता, म्हणजे खर्च वाढला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि काहीच उघडावं लागत नाही.

गिअर खडखडत असतील तर डिरेलरचे स्क्रू फिरवायला घेऊ नका. केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथे फिरवायची छोटी गोल नळी असते. ती अर्धा फेरा फिरवा, गिअर बदलून बघा. बिघडलं तर अर्धा फेरा उलटा. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम फिरवल्या की नेमकं कशाने काय झालं ते कळत नाही.

आता जिथे जपायचं ते. डावं पॅडल. त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने सोडवायला गेलात तर ते आणखी आवळलं जातं. सोपी खूण: पाना पॅडलच्या वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पॅडलं अशीच सुटतात. नवं पॅडल बसवताना आधी हाताने आटे धरा, मगच पाना लावा. ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे गेले की ते साध्या पान्याने परत येत नाहीत.

आणि ब्रेक. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. पॅच सुटला तर सायकल हातात धरून घरी येता येतं. सिंहगड उतरताना ब्रेकची तार सुटली तर येता येत नाही. म्हणून ब्रेकला हात लावलात तर तपासल्याशिवाय गेटबाहेर जायचं नाही. लिव्हर जोर लावून दहा वेळा दाबा. तार बोल्टमधून सरकणारच असेल तर ती पार्किंगमध्ये सरकू दे. लिव्हर हँडलला टेकता कामा नये. ब्रेकचं रबर रिमवरच बसलं पाहिजे, टायरला घासत असेल तर टायर कापला जातो. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर तेलाचा थेंबही नको. चेनवर स्प्रे मारताना मागची डिस्क झाका. पॅडने तेल प्यायलं की बहुतेक वेळा पॅडच बदलावे लागतात.

चाकाचा आउट काढणं, हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढणं, कार्बनच्या फ्रेमवर काही आवळणं, ही कामं मी दुकानात नेतो. एक आरा ओढला की शेजारच्या चारांवर ताण बदलतो, आणि तो अंदाज हाताला यायला वर्षं लागतात. त्या हाताचे पैसे द्यायला कुरकुर करू नये. फक्त जाताना "आवाज येतोय" एवढंच सांगू नका. "चढावर, उजवं पॅडल खाली जाताना, दर फेऱ्याला एकदा टक् होतं" असं सांगा. मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.

या रविवारी एवढंच करा. पट्टी घ्या, चेन मोजा, दोन्ही ब्रेक दहा-दहा वेळा दाबून बघा. काय निघालं ते कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.